क्लच दाबून बघा

जुन्या मोटरसायकलमधून नवा आवाज यायला लागला की पुण्यात फुकट सल्ल्याला तोटा नाही. सिग्नलला शेजारी थांबलेला माणूस हेल्मेटची काच वर करून सांगतो, "टायमिंग चेन गेलीय." पुढच्या सिग्नलला दुसरा सांगतो, "टॅपेट टाइट करून घ्या." सोसायटीच्या पार्किंगमध्ये शतपावली घालणारे काका लांबूनच कान देतात आणि मान हलवतात, त्यांच्या मते हल्लीच्या ऑइलमध्येच दम राहिलेला नाही. हवा भरणारा मुलगा तर थेट म्हणाला, "विकून टाका, ताई." सगळे अगदी ठामपणे बोलतात. पण आवाज नेमका कधी येतो, हे एकजणही विचारत नाही.

माझ्या मते निम्मं निदान तिथेच आहे. आवाज कसा आहे यावर काथ्याकूट करून हाती फारसं लागत नाही. मला जी टिकटिक वाटते ती तुम्हाला टकटक वाटेल आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असू. शिवाय एकच टिकटिक अनेक ठिकाणांहून येऊ शकते. व्हॉल्व्हला ढकलणारा टॅपेट सैल झाला की टिकटिक. सायलेन्सरचा बेंड पाइप इंजिनाच्या हेडला जिथे बसतो तिथलं पॅकिंग फुंकलं गेलं की अगदी तशीच टिकटिक, कारण दर धमाक्याला त्या फटीतून थोडा धूर सटकतो. प्लगच्या कॅपमधून करंट लीक व्हायला लागला तरी टिकटिकच; फक्त ती अंधारात बघितली तर बारीक निळी ठिणगी दिसते. नुसत्या कानाने यांना वेगळं काढायचं म्हणजे भल्याभल्यांची फसगत होते. परिस्थिती बदलून बघितली की मात्र ते आपणहून वेगळे होतात. पॅकिंगची टिकटिक थंड इंजिनावर जास्त येते, आणि धातू तापून पसरला, फट बुजली की दबते. जोडाजवळ काजळीही धरलेली असते. टॅपेटची टिकटिक इंजिनाच्या चालीबरोबर वाढते आणि कमी होते, तिला थंडी-उन्हाचं एवढं कौतुक नसतं.

बाकीच्या आवाजांचंही तेच. पिस्टन आणि तो ज्या नळकांड्यात वर-खाली होतो त्या बोअरमधली फट वाढली की डिसेंबरच्या सकाळी ठकठक ऐकू येते आणि दोन-तीन किलोमीटर गेल्यावर बंद होते. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो, तो तापून फुगतो आणि स्वतःच फट भरून काढतो. पिस्टनला क्रँकशी, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याशी, जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग गेलं असेल तर उलटा प्रकार. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना ते बराच काळ गप्प बसू शकतं. मागे माणूस बसवून कात्रजचा घाट चढायला लागा, मग पोटातून जड ठोके यायला लागतात. त्याच चढावर थ्रॉटल पिळल्यावर बारीक खुळखुळ आली आणि जरा सोडल्यावर गेली, तर ते नॉकिंग. हेडवर कार्बन साचलाय किंवा ठिणगी वेळेआधी पडतेय. आणि आवाज येण्याआधीच एक गोष्ट बघायची: ऑइलची पातळी. अशा इंजिनात ऑइल एक लिटरभोवतीच असतं. त्यातलं पाव लिटर कमी झालं तर फरक कानाला कळतो.

याच न्यायाने, जुनी गाडी विकत घ्यायला जाल तेव्हा किक मारायच्या आधी इंजिनाला हात लावून बघा. गरम लागलं तर तुम्ही यायच्या आधी कोणीतरी ती चालू करून ठेवली होती. थंड इंजिनाचे आवाज तुमच्यापर्यंत पोचू नयेत एवढाच त्यामागचा हेतू. अशा वेळी मी सरळ "उद्या सकाळी येते" म्हणून निघते.

पुण्याचे कान तसे या बाबतीत तयार आहेत. लुना आणि चेतक, दोन्ही १९७२च्या. या शहराच्या दोन पिढ्या त्यांच्या आवाजावर उठल्या आणि झोपल्या. १९८५ साली यामाहाची आरएक्स १०० आणि हिरो होंडाची सीडी १०० एकाच वर्षी आल्या आणि कानांचे दोन पंथ झाले. आरएक्स टू-स्ट्रोक, तिच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह नाहीत, टॅपेट नाहीत, टायमिंग चेन नाही. म्हणजे वाजायला भागच कमी. सीडी १०० चार-स्ट्रोक; तिच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह उघडणारा कॅम आणि त्याला फिरवणारी साखळी, तीच टायमिंग चेन. आरएक्सवर हात बसलेले जुने मेकॅनिक सुरुवातीला चार-स्ट्रोकचं नाक मुरडायचे ते यामुळेच, असं मला वाटतं. बुलेटवाल्यांचं गोत्र त्याहून वेगळं. जुन्या कास्ट आयर्न ३४६ सीसीच्या बुलेटचे टॅपेट बघायचे तर इंजिन पूर्ण थंड लागतं. उजव्या अंगाचं छोटं झाकण उघडायचं आणि कॅमची हालचाल वर हेडपर्यंत नेणारा पुशरॉड चिमटीत धरून फिरवायचा. तो सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. गेजबिज काही नाही, दोन बोटं पुरतात. बुलेटवाले ती बोटं एखाद्या वारशासारखी पुढच्या पिढीला देतात आणि त्याबद्दल तासभर बोलू शकतात.

माझी गाडी शंभर सीसीच्या चार-स्ट्रोक पिढीतली, नव्वदच्या दशकातली. कंपनी सांगत नाही. सांगितली की लोक गाडी सोडून कंपनीवर बोलायला लागतात. मूळची दादाची. तो नोकरीसाठी बंगळुरूला गेला, तिथे त्याने कार घेतली, आणि गाडी माझ्याकडे राहिली. धनकवडी ते शिवाजीनगर रोजचं येणं-जाणं तिच्यावर. बाई माणूस एवढी जुनी गाडी किक मारून चालू करते याचं लोकांना अजून नवल वाटतं, त्याचं मला आता वाटेनासं झालंय.

नवा आवाज आधी मला ऐकू आलाच नाही, आईला आला. आमचं घर पहिल्या मजल्यावर. माझी गाडी गल्लीच्या वळणावर आली की आई चहाचं आधण ठेवते, हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. एका संध्याकाळी मी चपला काढून आत आले तरी गॅस बंदच. आई म्हणाली, "अगं, तू कधी आलीस? मला वाटलं, पलीकडच्या विंगमधलं कोणी आलं." रोज गाडीवर बसणाऱ्याचा कान आवाजाबरोबर थोडाथोडा सरकत जातो. झीज एका रात्रीत होत नसते, त्यामुळे कालचा आणि आजचा आवाज सारखाच वाटतो. जो गाडीवर बसत नाही, पण तिची वाट बघतो, त्याच्याकडे जुना आवाज जसाच्या तसा जपलेला असतो.

मग मी कान देऊन ऐकायला लागले. यासाठी कॅम्पातल्या लष्करी हद्दीच्या लांबलचक भिंतींसारखी जागा नाही. रविवारी सकाळी रस्ता रिकामा असतो, भिंतीला लागून हळू चालवलं की इंजिनाचा आवाज भिंतीवर आपटून परत कानावर येतो. उघड्या रस्त्यावर जे वाऱ्यात विरून जातं ते तिथे स्पष्ट ऐकू येतं. पण माझा आवाज भिंतीपाशी आलाच नाही. तो यायचा गाडी उभी असताना: सिग्नलला, न्यूट्रलमध्ये, आयडलवर. खणखण, खणखण, मध्येच एक चुकल्यासारखी, उजव्या बाजूने. थ्रॉटल जरासा वाढवला की गायब. सकाळी जवळजवळ नाही, संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये इंजिन चांगलं तापलं की जोरात. सिंहगडाच्या चढावर जड ठोका नाही, खुळखुळ नाही, गाडी नेहमीसारखीच ओढत होती.

एवढं पाठ करून मी घराजवळच्या एका गॅरेजमध्ये गेले. तिथल्या माणसाने गाडी चालू केली, थ्रॉटल दोनदा भुर्र भुर्र केला, बंद केली आणि निकाल दिला. "क्रँक गेलाय. इंजिन उतरवावं लागेल. बोअर, पिस्टन, रॉड किट, सगळं एकदमच करून घ्या." मी सांगायला लागले की आवाज फक्त आयडलला येतो. त्याचं लक्ष पुढच्या गाडीकडे गेलं होतं.

मला त्याचा राग आला नाही, निदान घरी पोचेपर्यंत उतरला होता. त्याच्या दारात सात-आठ गाड्या उभ्या, रस्त्यावर पीएमपीच्या बसचे हॉर्न, त्यात कोणता आवाज कुठून येतोय हे ओळखायला अर्धा तास लागणार. त्या अर्ध्या तासाचे पैसे त्याला कोण देणार? बिलात ऑइल असतं, पॅकिंग असतं, मजुरी असते. ऐकण्याचा रकाना कुठेच नसतो. पूर्ण इंजिन खोललं की दोष कुठेतरी सापडतोच, वर काम मोठं आणि बिलही भरघोस. इतक्या पुणेरी पाट्या आहेत, पण "आवाज ऐकण्याचे वेगळे पैसे पडतील" अशी पाटी मी अजून बघितलेली नाही. कोणी लावली तर मी पहिली गिऱ्हाईक.

दादाला मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून पाठवला. त्याने "टॅपेट" म्हणून उत्तर दिलं. मोबाइल माणसाचं बोलणं टिपायला बनवलेला असतो. त्यात खालचे, जड आवाज नीट उतरत नाहीत आणि वरची टिकटिक तेवढी ठळक होते. फोनवर ऐकलेली कोणतीही जुनी मोटरसायकल टॅपेटचीच पेशंट वाटते.

मग एका रात्री पार्किंगमध्ये लांब स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसले. त्याचं टोक इंजिनावर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला. ही युक्ती गॅरेजांत सर्रास चालते आणि डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपची ती चुलत बहीण आहे. रने लेनेक या फ्रेंच डॉक्टरने १८१६ साली एका स्त्री रुग्णाच्या छातीचे ठोके ऐकण्यासाठी कागदाची सुरळी करून वापरली, तिथून स्टेथोस्कोप निघाला. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, पोलादात पाच हजारांच्या घरात. आणि महत्त्वाचं म्हणजे स्क्रू ड्रायव्हर जिथे टेकवलाय तिथलाच आवाज आधी आणि मोठा येतो, बाकीचा गोंगाट मागे पडतो. हेडवर टेकवलं: टॅपेटची बारीक, सुसंगत टिकटिक. आयडलला क्रँक मिनिटाला चौदाशेच्या आसपास फिरतो, म्हणजे सेकंदाला तेवीस फेऱ्या. कॅम त्याच्या निम्म्याने, म्हणजे बाराच्या जवळपास. हे मोजता येत नाही, पण संथ ताल आणि घाईचा ताल यांतला फरक कळतो. डावीकडे, जिथून टायमिंग चेन वर जाते तिथे टेकवलं: थोडी सळसळ, वयाला शोभेल इतकी. उजव्या कव्हरवर टेकवलं आणि हात दचकून मागे आला. खणखणाट तिथे होता.

आता खरी परीक्षा. गाडी न्यूट्रलमध्ये, आयडलवर, स्क्रू ड्रायव्हर उजव्या कव्हरवर. आईला खाली बोलावलं आणि म्हटलं, "हा दांडा दाब." तिने क्लच दाबला. आवाज थांबला. सोडला, आला. "परत दाब." थांबला. आई म्हणाली, "मग एवढंच का, दाबूनच चालव ना."

क्लच दाबल्याने काय होतं, काय होत नाही, ते बघा. क्रँक फिरतच राहतो. पिस्टन वर-खाली होतच राहतो. कॅम, टॅपेट, टायमिंग चेन, सगळं पूर्ववत चालू. थांबतो तो फक्त गिअरबॉक्समध्ये जाणारा शाफ्ट, आणि क्लचवरचा भार बदलतो. म्हणजे क्लच दाबल्यावर आवाज बंद झाला तर क्रँकवरचा संशय जवळजवळ फिटला. ज्या कामासाठी इंजिन खाली उतरणार होतं, ते काम एका लिव्हरने रद्द केलं. उरले दोन: क्लच किंवा गिअरबॉक्सचं बेअरिंग. बेअरिंगची घरघर थ्रॉटल वाढवल्यावर वाढायला हवी. माझा आवाज थ्रॉटल वाढवला की गायब व्हायचा. उरला क्लच.

पण थ्रॉटलने तो का जावा? सिंगल सिलिंडरचं इंजिन आपण समजतो तसं एकसारखं फिरत नाही. दोन फेऱ्यांमागे धमाका एकच. धमाका झाला की क्रँक पुढे झेपावतो, कॉम्प्रेशनला आला की अडखळतो. क्रँकवरचा छोटा गिअर क्लच हाउसिंगच्या, म्हणजे क्लचच्या प्लेटा जिच्यात बसतात त्या टोपलीच्या, मोठ्या गिअरला क्षणात ढकलतो, क्षणात मागे खेचतो. हे हिसके गिळायला त्या मोठ्या गिअरमध्ये स्प्रिंगा बसवलेल्या असतात. वर्षानुवर्षांनी त्या ढिल्या पडल्या की गिअर आपल्या जागेत मागे-पुढे आपटायला लागतो. आयडलला हिसका सगळ्यात मोठा, म्हणून खणखण. थ्रॉटल दिला की फिरण्याला वेग येतो, गिअर एका अंगाला दाबून राहतो, आपटायला सवडच मिळत नाही. आणि ऑइल सकाळी घट्ट असतं, ते थोडी गादी धरतं; तापून पातळ झालं की तेही गेलं.

नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांच्या मागे एका बोळात एक मिस्त्री बसतात. त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, क्लच हाउसिंग गेलंय. ते म्हणाले, "ते मी सांगतो, ताई." मग गाडी चालू केली, खाली वाकले, आणि न सांगता क्लच दाबला. सोडला. दाबला. वर बघून म्हणाले, "टायमिंग चेन पण थोडी वाजतेय." कबुली म्हणतात ती ही.

ऑइल काढलं, फूटरेस्ट आणि किक काढली, कव्हरचे बोल्ट एकेक करून जमिनीवर त्याच क्रमाने मांडले, कारण त्यांच्या लांब्या वेगवेगळ्या. कव्हरला रबरी हातोडीचे दोन फटके. पॅकिंग अर्धं कव्हरला, अर्धं इंजिनाला चिकटून फाटलं. प्लेटा काढल्या, हाउसिंग बाहेर आलं. मिस्त्रींनी ते फडक्याने पुसून माझ्या हातात दिलं. एका हाताने टोपली धरायची आणि दुसऱ्याने मागचा गिअर पिळायचा. हलायला नको होता, तो चांगला बोटभर अंतर मागे-पुढे खेळत होता आणि तीच खणखण, आता माझ्या तळहातात. स्प्रिंगा त्यांच्या खिडक्यांत सैल फिरत होत्या. एक तर बोटाने गोल फिरली. रिव्हेटांच्या डोक्यांभोवती धातू घासून चकचकीत कड्या झाल्या होत्या. टोपलीच्या पाकळ्यांवर, जिथे प्लेटांचे कान आपटतात तिथे, ओळीने खाचा पडलेल्या. नख फिरवलं की प्रत्येक खाच मोजता येत होती. क्रँकचा रॉड त्यांनी वर-खाली ओढून बघितला. बाजूला किंचित हलतो, तेवढा हलायलाच हवा. वर-खाली अजिबात नाही.

"रिव्हेट मारून देऊ का नवं घालू?" लेथवाल्याकडून रिव्हेट मारून घेता येतात, पण खाचांचं काय करणार. नवं आणायला मीच दोन दुकानं पलीकडे गेले. काउंटरवर नेहमीचा प्रश्न, "ओरिजिनल का लोकल?" आणि त्यानंतर, गाडीचं मॉडेल ऐकून, "कोणाची आहे?"

गाडी जोडून चालू केली तेव्हा खणखण गेलेली होती आणि तिच्याखाली दबलेली टॅपेटची टिकटिक आता पुढे आली. मोठा आवाज गेला की लहान आवाजाची पाळी येते. गाडी थंड होईपर्यंत थांबायचं ठरलं, चहा आला. मग हेडवरच्या दोन गोल टोप्या काढून मिस्त्रींनी फीलर गेजचं पातं टॅपेटखाली सारलं. ही फट मिलिमीटरच्या शतांशांत मोजतात. पातं सरकायला हवं, पण किंचित अडत. सैल होती ती त्यांनी नेमाला आणली आणि थांबले. टिकटिक कमी झाली, गेली नाही.

मी म्हटलं, "अजून थोडी कमी करा ना, म्हणजे वाजणारच नाही."

त्यांनी नकार दिला, आणि कारणही सांगितलं. फट पुसून टाकली की गरम झाल्यावर लांबलेला व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटला टेकूनच देऊन टाकतो. टेकला नाही की कडेने जळतो. मग कॉम्प्रेशन जातं, आणि तेव्हा खरंच हेड उतरवावं लागतं. वाजणाऱ्या टॅपेटचा व्हॉल्व्ह जळत नाही, जळतो तो मुक्या झालेल्याचा.

"आणि एकदम शांत गाडी हवी असेल," टोप्या आवळता आवळता ते म्हणाले, "तर बॅटरीवाली घ्या, ताई."